जुन्या चाकूची ओळख
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘चाकू’ असे उत्तर दिले. ते क्षणभर स्तब्ध झाले. संमेलनात शिक्षण, संघटना, विवाहातील खर्च अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्या विषयांवर मजपेक्षा अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकवले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सेवानिवृत्तीनंतर जुन्या वस्तू भिंगाखाली धरून पाहण्याचा नाद लागला. तेव्हा ज्यातले थोडे कळते त्याविषयीच बोलावे, असा माझा विचार.

शिवाय हा विषय वाटतो तितका परका नाही. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घराण्यांचा चरितार्थ एके काळी लेखणीवर चालला, आणि लेखणी चाकूवाचून चालत नसे. बोरू तासावा, त्याला मधोमध चीर द्यावी, मग टोकाला तिरका कत द्यावा. हे काम रोजचे, कधी दिवसातून चार वेळचे. म्हणून दौत, बोरू, वाळूची डबी यांच्यासोबत कलमदानात चाकू असेच. इंग्रजांकडेही तोच प्रकार होता. ते पिसाची लेखणी वापरीत आणि ती तासण्यासाठी जो लहान चाकू असे त्याला त्यांनी ‘पेननाइफ’ म्हणजे लेखणीचाच चाकू असे नाव दिले. लेखणी गेली, नाव राहिले. आज आपल्या माळ्यावरच्या पेटीत, देवघराच्या खणात किंवा आजीच्या पितळी डब्यात जो मिटणारा चाकू सापडतो, तो बहुधा याच जातीचा असतो.

असा चाकू सापडला म्हणजे घरात दोन गोष्टी घडतात. कोणीतरी तो चिंच-राखेने लख्ख घासतो, आणि दुसरा कोणीतरी त्याची एक गोष्ट सांगतो. पहिल्या गोष्टीने चाकूचे नुकसान होते. दुसरीने कोणाचे नुकसान होते, ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगतो.

माझ्या मावसभावाच्या घरी असा एक चाकू आहे. दोन पात्यांचा, पांढरट मुठीचा, मिटलेला असता बोटाएवढा. घराण्यात परंपरेने चालत आलेली हकीकत अशी की, १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा या घरातील मूळ पुरुष दप्तरात कारकून होते. दप्तर नीट सांभाळून सुपूर्द केले म्हणून एका इंग्रज अधिकाऱ्याने खूश होऊन हा हस्तिदंती चाकू त्यांना बक्षीस दिला. मुठीवर जी चांदीची टिकली आहे तिच्यावर त्या साहेबाच्या नावाची खूण आहे, असेही सांगत. आपल्या या वार्षिक अंकात ‘घराण्यांचे इतिहास’ हे सदर असते. त्यासाठी मावसभावाने ही हकीकत सुवाच्य अक्षरात लिहून काढली, सोबत वंशावळ जोडली, आणि छापण्यापूर्वी नजर टाकावी म्हणून माझ्याकडे आणून दिली. १८१८ साली इंग्रजाकडून बक्षीस मिळणे हा भूषणाचा विषय आहे की नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. मी म्हणालो, ‘आधी चाकू पाहू.’

चाकू पाहायचा म्हणजे काय पाहायचे? मूठ पाहू नये, चकाकी पाहू नये. पाते उघडावे आणि त्याच्या मुळाशी पाहावे. जेथे धार संपते आणि बिजागरीच्या खिळ्याकडे जाणारा चौकोनी, बोथट भाग सुरू होतो, तेथे कारागिराची मोहोर ठोकलेली असते. चाकूची जन्मपत्रिका ती हीच. शंभर वर्षांच्या मळाने व गंजाने ती बुजलेली असते, पण घासू नये. शिलाई यंत्राचे तेल एक थेंब टाकावे, दोन दिवस तसेच राहू द्यावे, मग मऊ फडक्याने टिपावे आणि सकाळच्या तिरप्या उन्हात दहापट दाखवणाऱ्या भिंगाने वाचावे. समोरून पडलेल्या उजेडात अक्षरे दिसत नाहीत. उजेड बाजूने आला की खोलगट रेषांत सावली पडते आणि अक्षरे उठून येतात.

या चाकूवर अक्षरे उठून आली ती अशी. मोठ्या पात्यावर वर राजमुकुट, त्याच्या एका बाजूस इंग्रजी ‘जी’, दुसऱ्या बाजूस ‘आर’. खाली ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी’. लहान पात्यावर एक चांदणी, तिच्या शेजारी चार टोकांचा क्रूस, आणि खाली ‘शेफील्ड, इंग्लंड’.

येथे थोडे विषयांतर करून या शेफील्डची ओळख करून देतो, कारण आपल्याकडच्या घरोघरीच्या चाकूंचे ते मूळ गाव.

शेफील्ड हे इंग्लंडच्या उत्तर भागातले शहर. डोंगरांतून वेगाने उतरणारे ओढे, धार लावण्याचा वालुकाश्म, जवळच कोळसा, अशी चाकूच्या धंद्यास लागणारी सामग्री तेथे निसर्गानेच मांडून ठेवली होती. चौदाव्या शतकातील चॉसर या कवीच्या एका कथेत शेफील्डच्या चाकूचा उल्लेख येतो, इतका हा धंदा तेथे जुना. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील चाकू करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. प्रत्येक कारागिराने आपली खूण संघाकडे नोंदवावी आणि दुसऱ्याची खूण वापरू नये असा नियम झाला. आपल्या ज्ञातिसंस्थेला शंभर वर्षे झाली की आपण उत्सव करतो. त्या कारागिरांच्या संघाला चारशे वर्षे होऊन गेली, आणि तो अद्याप चालू आहे.

पाते ज्या पोलादाचे होते त्या पोलादाची कथाही ऐकण्याजोगी आहे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या कमानी मनासारख्या मिळत नव्हत्या. पोलाद कोठे कठीण तर कोठे मऊ निघे. शेफील्डजवळ त्याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली, आणि पुढे शेफील्डचे नाव जगभर गेले ते या मुशीच्या पोलादाने. परंतु मुशीत पोलाद करण्याची विद्या आपल्या दक्षिण हिंदुस्थानात त्यापूर्वी कित्येक शतके चालत आली होती. त्या पोलादाला इंग्रज लोक ‘वूट्झ’ म्हणत. १७९४ च्या सुमारास मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या चाकूकाराने त्याचे चाकू केले आणि १८१९ नंतर मायकेल फॅरडे यांच्या साहाय्याने ‘हे पोलाद इतके चांगले का?’ याचे प्रयोग केले. फॅरडे हे लोहाराचे चिरंजीव होते. विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध झालेल्या या पुरुषाने तरुणपणाची काही वर्षे आपल्याकडच्या लोहारांच्या पोलादाचे कोडे सोडवण्यात घालवली. पाठ्यपुस्तकात हा धडा असता तर तो शिकवताना मला फार आनंद झाला असता.

शेफील्डमध्ये एक चाकू एका हाताने होत नसे. पाते ठोकणारा वेगळा, सहाणेवर घासणारा वेगळा, मूठ बसवून जुळणी करणारा वेगळा. घासणारे लोक फिरत्या दगडावर ओणवे बसत. दगडाची धूळ छातीत जाऊन त्यांच्यापैकी पुष्कळजण ऐन तारुण्यात दम्यासारख्या विकाराने मरत. आजोबांचा चाकू हातात घेताना हेही ध्यानात असू द्यावे.

आता रॉजर्स. हे घराणे अठराव्या शतकापासून शेफील्डमध्ये चाकू करीत असे. चांदणी आणि क्रूस ही त्यांची खूण. १८२१ साली त्यांनी नॉरफोक स्ट्रीटवर मोठे प्रदर्शन-दालन उघडले, आणि १८२२ साली चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना राजघराण्याचे चाकूकार नेमले. त्या वर्षाची आठवण म्हणून त्यांनी १८२२ पाती असलेला एक प्रचंड चाकू केला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा दुसरा एक चाकू केला, त्याच्या पात्यांवर नक्षी कोरली. या चाकूंनी कोणी कधी बोरू तासला नाही हे उघड आहे, पण जाहिरात मात्र उत्तम झाली. हिंदुस्थानात तर ‘रॉजरचा चाकू’ हा शब्दच उत्तम चाकूचा वाचक झाला. जेथे नाव मोठे तेथे नकला फार. रॉजर्स या नावाशी मिळतेजुळते नाव, एखादे अक्षर कमी-जास्त करून, चांदणीच्या जागी फूल ठोकून, बाजारात पुष्कळ चाकू आले. १९२४ साली तर या कंपनीला रॉजर्स याच नावाच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याविरुद्ध इंग्लंडच्या न्यायालयात जावे लागले. म्हणून मोहोर वाचताना स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचावे. शिक्षकाच्या जन्माचा मला एवढा तरी उपयोग झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मावसभावाच्या चाकूवरील स्पेलिंग बिनचूक, चांदणी व क्रूसही यथास्थित. चाकू अस्सल रॉजर्सचा. पण तो १८१८ चा असेल काय?

मोहोर म्हणते, ‘हिज मॅजेस्टीचे चाकूकार’. ही नेमणूकच १८२२ ची. तेव्हा १८१८ साली हे शब्द पात्यावर येणे शक्य नाही. एवढे सांगितल्यावर मावसभाऊ म्हणाला, ‘दादा, चार वर्षांचा फरक तो काय? बक्षीस थोडे पुढे मिळाले असेल. ‘जी’ म्हणजे जॉर्ज, तो तर जुळतोच.’ हा युक्तिवाद वावगा नव्हता. चौथा जॉर्ज १८३० पर्यंत राज्यावर होता. पण जॉर्ज नावाचे राजे इंग्लंडात एकच झाले नाहीत. चौथ्या जॉर्जनंतर विल्यम आला, मग १८३७ पासून १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणी. तिच्या वेळच्या चाकूंवर ‘व्ही आर’ अक्षरे असतात. तिच्यानंतर एडवर्ड, आणि १९१० साली पाचवा जॉर्ज. तो १९३६ पर्यंत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सहावा जॉर्ज आला, तो १९५२ पर्यंत. म्हणजे ‘जी आर’ ही अक्षरे १८२२ ते १८३० या आठ वर्षांतली तरी असतील किंवा १९१० ते १९५२ या बेचाळीस वर्षांतली तरी. मधल्या ऐंशी वर्षांना येथे जागा नाही. आता या दोहोंपैकी कोणती, ते ठरवायचे.

पहिली साक्ष ‘इंग्लंड’ या शब्दाची. जुन्या चाकूंवर नुसते ‘शेफील्ड’ असे. १८८९ साली हिंदुस्थानात मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला. १८९० साली अमेरिकेने परदेशी मालावर देशाचे नाव असलेच पाहिजे असे ठरवले. तेव्हापासून शेफील्डच्या मालावर गावापुढे देशाचे नाव ठोकण्याची रीत पडली. हा ठोकताळा आहे, कायद्याचे कलम नव्हे. एवढ्यावर निकाल देऊ नये, परंतु पारडे झुकते ते कोणत्या बाजूस हे दिसते.

दुसरी साक्ष मुठीची. घरचे तिला हस्तिदंत म्हणत. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाकडे भिंगाने पाहिले तर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची बारीक जाळी दिसते. हाड असेल तर बारीक काळे ठिपके किंवा छोट्या रेघा दिसतात, त्या हाडातल्या नलिका होत. सांबरशिंग तर त्याच्या खडबडीत सालीवरूनच कळते. शेफील्डला जाणारे पुष्कळसे सांबरशिंग आपल्याच देशातून जात असे, हे जाता जाता सांगून ठेवतो. या मुठीवर जाळी नव्हती, ठिपकेही नव्हते. होत्या त्या सरळ, समांतर, जणू पट्टीने ओढलेल्या रेषा. निसर्ग पट्टी वापरीत नाही. मी मूठ अंगठ्याने जोराने चोळली आणि मावसभावाच्या नाकाशी धरली. तो म्हणाला, ‘कापूर.’ बरोबर. ती सेल्युलॉइडची मूठ. हा पदार्थ कापूर घालून करतात आणि चोळला असता त्याचा वास येतो. अमेरिकेत हायट यांनी सेल्युलॉइडचे पेटंट १८७० साली घेतले. तेव्हा चौथ्या जॉर्जच्या काळात अशी मूठ असणे शक्यच नाही. मूठ मागाहून बदलली असेल काय, हेही मी पाहिले. खिळे हललेले नाहीत, अस्तराचे पितळ व मूठ यांची कड एकसारखी झिजलेली आहे. मूठ जन्मापासूनचीच.

येथे एक सूचना देतो. सेल्युलॉइड ओळखण्यासाठी काही लोक तापलेली सुई टोचून पाहतात. कृपा करून असे करू नका. हा पदार्थ भडकन पेट घेतो. शिवाय तो जुना झाला म्हणजे त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारची पाती गंजतात. म्हणून असा चाकू बंद डबीत, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. सुती फडक्यात, हवा लागेल असा ठेवावा. आणि ज्यांच्याकडे खरोखरच हस्तिदंती मुठीचा चाकू असेल त्यांनी तो विकण्याच्या भरीस पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताची खरेदी-विक्री हा आज गुन्हा आहे, मग तो पणजोबांचा का असेना.

पाते गंजणारे आहे, म्हणजे ते साध्या पोलादाचे. न गंजणाऱ्या पोलादाचा शोध हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्डमध्येच १९१३ साली लावला. पण साधे पोलाद त्यानंतरही वापरात राहिले, तेव्हा या साक्षीचा येथे फारसा उपयोग नाही.

सारांश एवढाच निघाला की चाकू १९१० नंतरचा. दप्तरातल्या मूळ पुरुषाचा आणि या चाकूचा काही संबंध नाही. हे ऐकून मावसभावाचे थोरले बंधू रागावले. ‘तुम्ही भिंग घेऊन बसलात आणि आमच्या घराण्याचा मान काढून घेतलात,’ असे ते मला स्पष्टच म्हणाले. त्यांचा राग मी समजू शकतो. ज्या वस्तूसमोर दसऱ्याला झेंडूचे फूल वाहिले, तिचे वय शंभर वर्षांनी कमी होणे कोणाला आवडेल? पण छापील अंकात एकदा गेलेली हकीकत पुढच्या पिढ्या प्रमाण मानतात. म्हणून मी म्हणालो, ‘चाकू तुमच्या घरात कोणीतरी आणला आहे. तो कोणी आणला ते शोधू.’

चांदीच्या टिकलीकडे मी आता वळलो. ती चांदीची नव्हती, जर्मन सिल्व्हरची होती. मालकाने आपल्या नावाची अक्षरे कोरावीत म्हणून मुठीवर अशी ढालीच्या आकाराची टिकली बसवीत. तिच्यावर सुईने ओरखडल्यासारखी एक वळणदार रेघ होती, तीच साहेबाची खूण समजत असत. तिरप्या उन्हात ती पाहताच मला हसू आले. ते मोडी अक्षर होते. इंग्रज साहेब आपल्या नावाचे अक्षर मोडीत कशाला कोरील?

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. मोठे पाते जवळजवळ पूर्ण रुंदीचे होते, आणि लहान पाते धार लावून लावून गवताच्या पात्यासारखे निमुळते झाले होते. ज्याचा हा चाकू, त्याने मोठ्या पात्याने क्वचितच काही कापले. लहान पाते मात्र रोज चालवले, वर्षानुवर्षे. बोरू तासणाऱ्याचा हा हात. टोकाची कडीही आतून झिजलेली. चाकू दोऱ्याने कोठेतरी अडकवलेला असे.

घरात मोडीतील जमाखर्चाच्या वह्यांचे एक गाठोडे होते. ते कोणी वाचीत नसे, कारण वाचणारे कोणी उरले नव्हते. मी दोन महिने रविवारी जाऊन त्या वाचल्या. शके १८४९, म्हणजे इसवी सन १९२७ च्या वहीत, ज्येष्ठ महिन्यात, एक ओळ सापडली: ‘शाळेकडे, चाकू रॉजर एक, बोरू, दौती.’ किमतीचा आकडा कसरीने खाल्ला आहे. ही वही घरातल्या पुरुषांपैकी कोणाच्या हातची नव्हती. ती मावसभावाच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या हातची होती. घरात त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पण टिकलीवरचे मोडी अक्षर त्यांच्या नावाचे पहिले अक्षर आहे.

आत्याबाईंना बालपणी वैधव्य आले. भावाने धीर करून त्यांना पुण्यास धाडले. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सुरू केलेल्या सेवासदनात त्या शिकल्या आणि पुढे तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. एवढे घरात माहीत होते. माहीत नव्हते ते वहीत होते. दरमहा ‘शाळेचा पगार जमा’. त्या वर्षभरात घरात नियमाने येणारी रोख रक्कम ती एकच. शेतीचे उत्पन्न एकदाच, तेही अपुरे. खर्चाच्या बाजूस धाकट्या भावाची फी, त्याची पुस्तके, त्याचे पुण्यातील खाणावळीचे पैसे. हा धाकटा भाऊ पुढे वकील झाला. घराण्याची आजची सारी प्रतिष्ठा ती त्यांच्या वकिलीची. वंशावळीत त्यांचे नाव ठळक अक्षरांत आहे. आत्याबाईंचे नाव वंशावळीत नव्हते. मुलींची नावे लिहिण्याची पद्धत नव्हती, आणि सासरच्या वंशावळीतही ते असण्याचे कारण नव्हते.

मावसभावाच्या वडिलांची धाकटी बहीण हयात आहे. वय ९१. मी चाकू घेऊन तिच्याकडे गेलो. काही न सांगता तो तिच्या तळहातावर ठेवला. तिला आता नीट दिसत नाही. तिने बोटांनी कडी चाचपली, लहान पाते नखाने उघडले आणि म्हणाली, ‘अगबाई, हा आत्याचा. ती शाळेतून आली की ओसरीवर बसून उद्याचे बोरू तासायची. चाळीस मुलींचे. दोरी कमरेला बांधलेली असायची. आम्ही मागितला तर द्यायची नाही.’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘हा दादाच्या देव्हाऱ्यात कसा गेला?’ याचे उत्तर मजजवळ नव्हते.

वहीतली ओळ, टिकलीवरचे अक्षर, झिजलेले लहान पाते आणि एका वृद्धेची स्मृती या चारही साक्षी एकाच दिशेला जातात. मोहोर व मूठ त्यांना दुजोरा देतात. न्यायालयात यापेक्षा कमी पुराव्यावर निकाल लागलेले आहेत. थोरल्या बंधूंनी मात्र हकीकत बदलण्यास प्रथम संमती दिली नाही. ‘शाळामास्तरीण होती हे खरे, पण त्यात छापण्यासारखे काय?’ असा त्यांचा प्रश्न. मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे त्याचे उत्तर मी देणे उचित झाले नसते. ते त्यांच्या सुनेने दिले. तिने वह्यांतील पगाराच्या रकमा एका कागदावर उतरून त्यांची बेरीज केली आणि तो कागद सासऱ्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. चार दिवस ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला की वंशावळीचा कागद परत द्या, त्यात एक नाव घालायचे आहे. याच अंकात ‘घराण्यांचे इतिहास’ या सदरात ती वंशावळ आपणांस पाहावयास मिळेल. मूळ पुरुष दप्तरात कारकून होते हे कायम आहे, ते खरे असावे. बक्षिसाचे वाक्य तेवढे गाळले आहे.

रॉजर्स कंपनीचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर शेफील्डच्या अनेक जुन्या घराण्यांचा धंदा उतरणीस लागला. १९७१ साली रॉजर्स आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी वॉस्टनहोम ही दोन्ही नावे एकाच मालकीखाली आली. पुढे तीही मालकी बदलली. वॉस्टनहोमची ‘आय एक्स एल’ ही खूण आपल्याकडील चाकूंवर पुष्कळदा आढळते, ती दिसली तर तोही चाकू चांगला समजावा. जर्मनीच्या झोलिंगेन गावाचे नाव दिसले तर तेही हलके समजू नये. काहीच मोहोर नसेल तर तो आपल्याकडील लोहाराचा असण्याचा संभव आहे, आणि त्याचा शोध अधिक कठीण व माझ्या मते अधिक मोलाचा आहे. त्याला वाचायला अक्षरे नसतात, घरातील माणसांनाच विचारावे लागते.

उद्या दुपारी भोजनोत्तर मी मंडपाच्या उजव्या बाजूस, पुस्तकांच्या टेबलापाशी बसणार आहे. ज्यांच्या घरी असा चाकू असेल त्यांनी तो न घासता, आहे त्या स्थितीत घेऊन यावा. भिंग आणि तेल मजजवळ आहे. जमाखर्चाच्या जुन्या वह्या असतील तर त्याही आणाव्या. मोडी वाचून देण्यास मला वेळ आहे.